फळ्यासमोर उभे राहताना

आंतरवासितेपूर्वी, म्हणजे शाळेत प्रत्यक्ष शिकवण्याच्या सरावाआधी, बी.एड.च्या छात्राध्यापकांना (शिकाऊ शिक्षकांना) ज्या सूचना दिल्या जातात, त्यांत पोशाखाची सूचना सर्वांत लवकर आटोपते. पाठटाचणावर, म्हणजे पाठाच्या लेखी आराखड्यावर, तास-तास बोलणारे आम्ही मार्गदर्शक येथे ‘नीटनेटके या’ एवढ्यावर थांबतो. पूर्वी मोजक्या सराव पाठांपुरते ते चालूनही जात असे. परंतु २०१५ पासून बी.एड. दोन वर्षांचे झाले आणि दुसऱ्या वर्षी १६ आठवडे शाळेत काढावे लागू लागले, तेव्हा अंगावरचे कपडे हा रोजच्या कामाचाच भाग झाला.

पाठ निरीक्षणासाठी शेवटच्या बाकावर बसले की हे स्पष्ट दिसते. फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात दिनांक आणि घटक लिहिण्यासाठी हात उंचावताच आखूड शर्ट पॅंटीतून बाहेर येतो, बांगड्या फळ्यावर किणकिणतात, पदर सावरण्यासाठी दुसरा हात अडकून पडतो आणि मधल्या रांगेतील मुले एकमेकांना कोपराने ढोसू लागतात. म्हणून घरीच आरशासमोर हात वर करून आणि वहीवर वाकून पाहावे. पदराला निऱ्या घालून पिना लावाव्यात, आणि खडूची बोटे पुसायला रुमाल ठेवावा, कारण गडद पॅंटीवर उमटलेली पांढरी बोटे दिवसभर जात नाहीत. वर्गाबाहेर पादत्राणे काढण्याची पद्धत अनेक शाळांत असते, तेव्हा मोज्यांकडेही एकदा पाहिलेले बरे!

शिकाऊ शिक्षिकांनी साडीच नेसावी, या सक्तीविषयी मात्र माझे मत वेगळे आहे. राज्य शासनाने मार्च २०२४ मध्ये शिक्षकांच्या पोशाखाविषयी काढलेल्या निर्णयात शिक्षिकांना साडीबरोबरच सलवार किंवा चुडीदार, कुर्ता आणि दुपट्टा यांचीही मुभा आहे. शिक्षकांनी शर्ट खोचावा, जीन्स व टी-शर्ट टाळावेत, असे त्यात म्हटले आहे. सेवेतील शिक्षिकेला जी मोकळीक आहे, ती शिकाऊ शिक्षिकेला नाकारण्याचे कारण मला तरी सापडलेले नाही. जिला साडीची सवय आहे, तिला ती शोभते आणि सोयीचीही असते. पण जी पहिल्यांदाच साडी नेसून, पावसात एसटीने शाळेत पोहोचते, तिचे अर्धे लक्ष ओल्या काठाकडे आणि निऱ्यांकडे असते, उरलेल्या अर्ध्यात तिने अपूर्णांकांची बेरीज शिकवायची असते. पाठाचे गुण कमी पडले की आपण पूर्वतयारीला दोष देतो.

छात्राध्यापकांनी दाढी ठेवावी की नाही, हा वादही मला असाच अनाठायी वाटतो. ती नीट कापलेली असली की पुरे.

खर्चाचा विचार कोणी फारसा बोलून दाखवत नाही. गणवेश ठरवणाऱ्या महाविद्यालयांनी एकाच दुकानाचे कापड घेण्याचा आग्रह सोडावा, केवळ रंग सांगावा, आणि तोही प्रवेशाच्या वेळीच, म्हणजे घरात असलेले दोन सुती जोड वापरता येतात आणि ऐनवेळी शिंप्याकडे धावावे लागत नाही.