नऊ महिन्यांनी बदलून मिळालेलं जॅकेट आणि ‘फॅशन माल, नो गॅरंटी’

मुलाच्या थंडीच्या जॅकेटची चेन शिवणीतून सुटली. जॅकेट हिवाळ्याच्या तोंडाशी घेतलेलं, म्हणजे नऊ महिने वापरून झालेलं. मी ते इथे जर्मनीत, आमच्या गावातल्या टर्किश शिंप्याकडे न्यायला निघाले होते, तर शेजारीण म्हणाली, आधी पावती घेऊन दुकानात जा. गेले. काउंटरवरच्या बाईंनी चेन पाहिली, पावतीवरची तारीख पाहिली आणि विचारलं, दुरुस्त करून हवं की दुसरं हवं? त्या मापाचं दुसरं होतं, ते घेऊन घरी आले. मालक बाहेर गेलेत म्हणून कुणी थांबवलं नाही. पोराने ओढली असेल, असंही कुणी म्हणालं नाही.

घरी येऊन नियम वाचला. जर्मनीत नवीन वस्तूत दोष निघाला तर दोन वर्षांपर्यंत विकणारा जबाबदार असतो. त्यातही पहिल्या वर्षात दोष दिसला तर तो मुळातच होता असं धरून चालतात, आणि नव्हता हे दुकानदाराने सिद्ध करायचं. 2022 च्या आधी ही मुदत सहा महिन्यांची होती, ती वाढवून वर्षाची केली. कंपनीची गॅरंटी असो वा नसो, हा हक्क खरेदीबरोबर आपोआप येतो. आमच्या या श्टुटगार्टजवळच्या गावात साध्या दुकानातला साधा टी-शर्टही याच नियमात बसतो.

मला आनंद व्हायला हवा होता, आणि झालाही. पण दुकानातून बाहेर पडताना आठवत होती ती बेळगावातल्या एका शोरूममधली पाटी. ‘फॅशन माल, नो गॅरंटी. एकदा विकलेला माल परत घेतला जाणार नाही.’ तुम्ही सगळ्यांनी ती पाटी इतक्यांदा पाहिली आहे की आता ती दिसतही नाही. मला ती मे महिन्यात दिसली, कारण तिच्याखाली माझी नणंद कुर्ता हातात धरून उभी होती.

कुर्ता 2,999 रुपयांचा. सुती, ब्लॉक प्रिंटचा, दिसायला छान. पहिल्याच धुण्यात बादलीभर निळं पाणी निघालं. दुसऱ्यांदा घातला तेव्हा काखेतली शिवण सरकली. मी तो उलटा करून पाहिला. शिवणीत माया, म्हणजे टाक्याबाहेर सोडलेलं जास्तीचं कापड, पाव इंचसुद्धा नाही. कापड अगदी काठाशी ओव्हरलॉक करून सोडलेलं, त्यातून दोन धागे सुटले की कापडच मागे सरकतं आणि पुन्हा टीप घालायला जागाच उरत नाही. टाके एवढे लांब लांब की नखाने उसवावेत. बेळगावातच वडगावला आमच्या गल्लीतल्या शिंप्याकडे पोलकं टाकलं तर तो दोन्ही बाजूंना चांगली इंचभर माया ठेवतो, न सांगता. आईची पोलकी पुढे बहिणीने उसवून घातली आहेत. हे कसब ज्या गावात आहे, त्याच गावात तीन हजाराचा कुर्ता असा विकला जातो.

शोरूमचा पोरगा वाईट नव्हता. ‘अक्का, ह्याला काय करणार मी, कंपनीचा माल हाय,’ एवढंच म्हणाला आणि पाटीकडे बोट केलं. मालकांनी तर मान वर करून पाहिलंही नाही. नणंद निघाली. तिला वाद नको होता, आणि ती एकटी नाही. आपल्याकडे दुकानदाराशी भांडणं म्हणजे हलकेपणा, असं शिकवूनच आपल्याला वाढवलं आहे.

मला हे मान्य नाही, आणि कायद्यालाही नाही. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात साफ लिहिलंय की सदोष माल परत घ्यायला आणि पैसे द्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार प्रथा आहे. बिलावर मुदत छापली असेल तर त्या मुदतीत, छापली नसेल तर तीस दिवसांच्या आत. बिल न देणं हीसुद्धा अनुचित प्रथाच. म्हणजे ती पाटी सदोष मालाला लागूच होत नाही. भिंतीवर काहीही लिहिलं म्हणून ग्राहकाचा हक्क जात नाही. रंग आवडला नाही, माप चुकलं, मन बदललं, याची गोष्ट वेगळी. तिथे दुकानदाराने नाही म्हटलं तर तो त्याचा अधिकार. जर्मनीतही दुकानात जाऊन घेतलेला चांगला कपडा नुसतं आवडला नाही म्हणून परत घ्यायलाच हवा असं नाही, बरीच दुकानं आपखुशीने घेतात. पण सदोष माल म्हणजे सदोष माल.

आता भावाबद्दल. बेळगावला आले की ऐकायला मिळतं, कपडे किती महाग झालेत गं, तुमच्याकडे बरं असेल. महाग झालेत हे खरंच. मे 2022 मध्ये कापसाची खंडी, म्हणजे 356 किलो, एक लाखाच्या वर गेली होती. तेव्हा सगळ्यांनी भाव वाढवले, ते समजण्यासारखं होतं. पुढे कापूस बराच उतरला, पण शर्टाची चिठ्ठी काही उतरली नाही. त्यात कराची रचना बदलली. 22 सप्टेंबर 2025 पासून अडीच हजारांपर्यंतच्या तयार कपड्यावर 5 टक्के जीएसटी आणि त्याच्या वर 18 टक्के. आधी हजारापर्यंत 5 आणि पुढे 12 होता. म्हणजे हजार ते अडीच हजारांमधला कपडा स्वस्त व्हायला हवा होता. नणंदेच्या कुर्त्यात मात्र साडेचारशेहून जास्त रुपये कराचे आहेत. उरलेल्यात काचेचं दालन, एसी, जाहिरात, आणि शेवटी कापड-शिलाई. तयार सदऱ्याला, कुर्त्याला 18 टक्के लागू शकतात, पण साडीला मात्र कितीही किमतीची असली तरी 5 टक्केच, कारण ती कापड म्हणून मोजली जाते. बस्ता बांधायला निघालेल्यांनी हे लक्षात ठेवण्यासारखं आहे.

आणि 2,999 रुपये म्हणजे तीस युरोच्या आसपास. या पैशात मला इथे मधल्या दर्जाचा बऱ्यापैकी सुती शर्ट येतो, ज्याच्यामागे दोन वर्षांची जबाबदारी उभी आहे, आणि जो माणूस तो घेतो त्याचा पगार युरोत आहे. बेळगावचा माणूस बेळगावच्या पगारातून जर्मनीचा भाव देतो आणि बदल्यात त्याला पाटी दाखवतात. मला राग येतो तो याचा.

पण इथलं सगळं उत्तम आणि तिकडचं वाईट, असं वाचून कुणी खूश किंवा नाराज होऊ नये. इथे चार-पाच युरोचा टी-शर्टही सर्रास मिळतो. तो दोन महिन्यांत तिरका होतो, बाजूची शिवण फिरून पोटावर येते, आणि लोक तो जुन्या कपड्यांच्या डब्यात टाकून दुसरा आणतात. तो इतका स्वस्त का, हे 24 एप्रिल 2013 ला साऱ्या जगाने पाहिलं. ढाक्याजवळ राना प्लाझा कोसळली, अकराशेहून जास्त माणसं गेली, आणि तिथे शिवले जात होते ते युरोपच्या दुकानांतले कपडे. इथे प्रत्येक कपड्यावर धाग्याचं प्रमाण टक्क्यांत लिहिणं सक्तीचं आहे, ते मला मनापासून आवडतं. कपडा कुठल्या देशात शिवला हे लिहिणं मात्र सक्तीचं नाही. दुरुस्तीचं तर विचारूच नका. पँटची उंची कमी करायला दहा-पंधरा युरो लागतात, म्हणून लोक दुरुस्त न करता फेकून देतात. मी माझे कपडे पिशवीत भरून वडगावला आणते आणि आल्या आल्या शिंप्याकडे टाकते. विमानाचं तिकीट काढून कपडे दुरुस्त करायला येते, असं इथल्या मैत्रिणी म्हणतात. म्हणू देत. त्या शिंप्याच्या हाताची टीप मला इथे कुठल्याही पैशात मिळत नाही.

यंदा घरात लग्न होतं. बस्ता कुठे बांधायचा यावर दोन तट पडले. पुतणीला मोठ्या दालनात जायचं होतं, आत्याला शहापूरला, बेळगावातल्या साड्यांच्या पेठेत. आपल्याकडे गोव्याहून, चंदगडहून, कोल्हापूरहून लोक साड्यांसाठी येतात ते काही काचेची दालनं बघायला येत नाहीत. शहापूर सांगली संस्थानात होतं, इंग्रजांचं बेळगाव वेगळं आणि शहापूरची पेठ वेगळी, आणि या पेठेचं नाव साडीने मोठं झालं. मागे वडगाव, खासबाग, घराघरात माग. मी त्या आवाजात झोपायला शिकले. लग्न होऊन टिळकवाडीत आले तेव्हा शांततेमुळेच झोप लागायची नाही.

आम्ही दोन्हीकडे गेलो. दालनात पुतणीला एक साडी आवडली. ‘सॉफ्ट सिल्क,’ विकणारा म्हणाला. साडेसहा हजार. आत्याने पदराच्या गोंड्यातला एक धागा मागितला. ‘देतो की, बघा,’ म्हणून त्याने तो हसत हसत दिला, त्याला वाटलं रंग बघणार. आत्याने बाहेर पायरीवर जाऊन काडी ओढली. धागा आखडला, वितळला आणि टोकाला काळा कडक मणी झाला. बोटांत चिरडला तर फुटला नाही. रेशीम जळताना केस जळल्यासारखा वास येतो आणि राख बोटात भुगा होते. सूत कागदासारखं जळतं, राख मऊ राखाडी राहते. पॉलिएस्टर वितळून मणी होतो. आत्याचं शिक्षण चौथीपर्यंत. ती म्हणाली, ‘पॉलिस्टर म्हणून द्या की ओ, दीड हजाराला घेतो. शिल्क म्हणून साडेसहा कशाला?’ विकणाऱ्याकडे उत्तर नव्हतं. अस्सल रेशमाला 2004 पासून सिल्क मार्क आहे, हातमागाला 2006 पासून हॅंडलूम मार्क आहे. त्या साडीवर यातलं काहीच नव्हतं, आणि मागितल्यावर ‘अशी चिठ्ठी येत नाही’ एवढंच सांगितलं.

पॉलिएस्टर वाईट असं माझं म्हणणं नाही. रोजच्या वापराला, पावसाळ्याला, प्रवासाला बरं असतं. वडगावच्या मागांवरही कृत्रिम धागा चालतो आणि त्यावर घरं चालतात. पण जे आहे ते सांगून, त्याच्या भावाने विकावं.

मग वडगावात आमच्या गल्लीतल्या काकांकडे गेलो. पूर्वी त्यांच्याकडे चार माग होते, आता दोन आहेत. दोन भंगारात गेले. मजुरी नगावर, धाग्याचा भाव बाहेरचा, आणि सुरतेहून येणाऱ्या साडीचा भाव यांच्या मजुरीशी टक्कर घेतो. 2020 च्या टाळेबंदीत लग्नं थांबली तेव्हा आमच्या गल्लीत महिनोन् महिने माग बंद होते. काकांनी साडी पसरली, काठावर बोट ठेवून दाखवलं की धागा कुठे बदलला. एका जागी विणीत बारीकशी चूक होती. तीही त्यांनी स्वतः दाखवली आणि त्या साडीचे दीडशे रुपये कमी केले. माझ्या सगळ्या सुट्टीत विक्रेत्याने स्वतःहून दोष दाखवलेला हा एकच व्यवहार. आम्ही पाहुण्यांच्या मानाच्या साड्या तिथूनच घेतल्या. घासाघीस केली नाही. आईला ते आवडलं नाही, पण काकांच्या साडीचा भाव पाडायचा आणि दालनात चिठ्ठीवरचा आकडा निमूट मोजायचा, हे मला पटत नाही.

पुतणीच्या शालूचं म्हणाल तर तो शेवटी शहापुरातच एका जुन्या दुकानातून घेतला. सिल्क मार्क लावलेला, बिल पक्कं. महाग होता. घरात अजून त्यावर कुरकुर चालू आहे की जर्मनीवाली म्हणून हिने खर्च वाढवला. वाढवला, आणि शालूसाठी पुन्हा वाढवीन. दर वर्षी तीन कुर्ते फेकण्यापेक्षा तो खर्च मला कमीच वाटतो.

‘येताना तिकडचे कपडे आण’ असे निरोप आता मला पाठवू नका. जे स्वस्त आहे ते आणण्यासारखं नाही, आणि जे आणण्यासारखं आहे ते मला परवडत नाही. सुती, रोजचं, टिकाऊ हवं असेल तर कापड घेऊन गल्लीत शिवा. तयार घेतलंच तर दुकानात उभं राहून उलटं करून शिवणीतली माया बघा, लेबलावर धागा कोणता लिहिलाय ते वाचा, आणि पक्कं बिल घेतल्याशिवाय बाहेर पडू नका.

नणंदेच्या कुर्त्याची तक्रार आम्ही तीस दिवस संपायच्या आत 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंदवली. बिलाचा, शिवणीचा आणि त्या पाटीचा असे तीन फोटो जोडले. दुकानाकडे कळवल्याचा मेसेज आला आहे, पैसे आलेले नाहीत. नणंद म्हणते, एवढ्यासाठी कशाला डोकं लावायचं. मी तिला सांगितलं आहे की पैसे येईपर्यंत कुर्ता धुवायचा नाही आणि बिल फेकायचं नाही.