तुम्ही विचारलंत म्हणून: वेरूळला उतरायचे कुठे?

छत्रपती संभाजीनगरात राहत असल्यामुळे दिवाळीच्या सुटीपासून पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचा एकच प्रश्न मला येत राहतो: लेणी पाहायला येतो आहोत, तर शहरातल्या पंचतारांकित हॉटेलात उतरावे की वेरूळच्या एखाद्या घरगुती हॉटेलात? तुम्हीही तेच विचारलेत. माझे उत्तर असे की, सोबत आजारी माणूस नसेल तर घरगुती हॉटेलातच उतरावे, आणि त्याचे मुख्य कारण पैसा नाही.

वेरूळची लेणी पश्चिमाभिमुख आहेत. त्यामुळे सकाळी कैलास लेण्याचा दर्शनी भाग सावलीत असतो आणि दुपार कलल्यावर ऊन समोरून येऊन दगडावर पडते. हे मला कळले ते तिथे मोजक्या खोल्यांचे हॉटेल चालवणाऱ्या घरातल्या काकूंकडून. "सकाळी घृष्णेश्वराचं दर्शन उरकून घ्या, जेवून घटकाभर पडा, अन् कैलास तीननंतर बघा," असे सांगून त्यांनी ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि ठेचा वाढला. शहरातून तीसेक किलोमीटर येऊन-जाऊन करणाऱ्याला मध्ये असे घटकाभर पडणे जमत नाही. तो भर दुपारी थकलेल्या पायांनी लेणी पाहतो आणि ऊन उतरू लागते तेव्हा परतीच्या गाडीत बसलेला असतो. दर वेळी हे पाहून मला खरोखर वाईट वाटते.

याउलट, एका मोठ्या हॉटेलच्या स्वागतकक्षाने माझ्या मावसभावाला वेरूळसाठी मंगळवारची गाडी ठरवून दिली होती. वेरूळची लेणी मंगळवारी बंद असतात, अजिंठ्याची सोमवारी. गाडी ठरवून देणारा मुलगा अतिशय नम्र होता, पण वेरूळ त्याचे गाव नव्हते.

पैशाचे थोडक्यात सांगतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून दिवसाला ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर ५ टक्के जीएसटी आहे आणि त्यावरच्या खोलीवर १८ टक्के, म्हणून दर विचारताना करासहित विचारावा.

घरगुती हॉटेल ठरवण्याआधी मात्र मालकाशी स्वतः फोनवर बोलावे. उन्हाळ्यात बोअर आटते का आणि आटल्यावर टँकर येतो का, गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळते, वीज गेल्यावर पंखा चालतो का आणि कमोड आहे का, एवढे विचारले तरी पुरे. "गरम पाणी सकाळी सहा ते आठ, नंतर नाही," असे स्पष्ट सांगणाऱ्यावर मी विश्वास ठेवतो. "सगळं आहे, या तुम्ही," एवढेच म्हणणाऱ्याला पुन्हा विचारतो.

आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर आम्ही सगळे मे महिन्यात महागड्या हॉटेलातच राहिलो. लिफ्ट होती, न्हाणीघरात धरायला दांडा होता, वातानुकूलन रात्रभर चालू राहिले आणि आई शांत झोपली. त्या पैशांची मला आजही हळहळ वाटत नाही.

तुमचे सासरे काठी घेऊन चालतात, पण चालतात, आणि तुम्ही डिसेंबरात येत आहात. तेव्हा वेरूळलाच उतरा, तळमजल्यावरची खोली आधीच मागून ठेवा, आणि मंगळवार तेवढा टाळा.