पोटातला फुगा: ग्राफ्ट बसवल्यानंतरची दोन वर्षं

एसटीच्या वर्कशॉपमध्ये मी ३१ वर्षं काढली. टायरला कडेला फुगा आला की ती गाडी मार्गावर सोडायची नाही, हे तिथं नवख्या पोरालाही कळतं. त्यामुळे लघवीच्या तक्रारीसाठी केलेल्या सोनोग्राफीत पोटातली महाधमनी, म्हणजे हृदयाकडून खाली जाणारी मुख्य रक्तवाहिनी, ५.८ सेंटिमीटर फुगलेली दिसली, तेव्हा धोका मला लगेच उमगला. एरवी ती साधारण २ सेंटिमीटर असते. दुखत मात्र काहीच नव्हतं. वय ७१, चाळीस वर्षं विडी ओढलेली.

सीटी अँजिओ, म्हणजे रक्तवाहिन्यांचं सीटी स्कॅन, झालं. डॉक्टरांनी कागदावर चित्र काढलं. "काका, दोन रस्ते आहेत. पोट उघडून तो भाग बदलायचा आणि कृत्रिम नळी शिवायची, नाहीतर दोन्ही जांघांतून आत जाऊन स्टेंट-ग्राफ्ट, म्हणजे धातूच्या जाळीची कापडी नळी, रक्तवाहिनीच्या आतून बसवायचा." मूत्रपिंडाच्या धमन्यांखाली ग्राफ्ट घट्ट बसायला पुरेशी निरोगी जागा माझ्यात होती, म्हणून दुसरा रस्ता खुला होता.

मुलानं विचारलं, चांगलं कुठलं? त्यांनी ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीबद्दल सांगितलं. १९९९ पासून १,२५२ रुग्ण घेतले होते. पहिल्या ३० दिवसांत पोट उघडलेल्यांपैकी शंभरात चाराहून जास्त दगावले, ग्राफ्टवाल्यांत दोनाहून कमी. पण १५ वर्षं पाठपुरावा केल्यावर पारडं फिरलं. आठ वर्षांनंतर पोट उघडलेली माणसंच जास्त टिकली. ग्राफ्ट बसवूनही काहींचा जुना फुगा नंतर फुटला होता. हे त्यांनी लपवलं नाही, याबद्दल मी त्यांचा आजन्म ऋणी आहे. माझी फुप्फुसं विडीनं खालावलेली, त्यामुळे मी ग्राफ्ट निवडला. पन्नाशीतल्या धडधाकट माणसानं पोट उघडण्याचा रस्ताही नीट विचारून घ्यावा, असं मला मनापासून वाटतं.

ग्राफ्टची किंमत ऐकून ही गप्पच झाली. एफडी मोडली.

कमरेत भूल दिली होती. तिसऱ्या दिवशी घरी आलो, जांघेत दोन छोट्या जखमा. गल्लीतले म्हणाले, सुटलात! मलाही तसंच वाटलं. महिन्यानं सीटी करायची, हे डिस्चार्जच्या कागदावर औषधांच्या यादीखाली बारीक अक्षरात होतं, कुणी तोंडी सांगितलं नव्हतं. सुनेच्या नजरेस पडलं म्हणून वेळेवर गेलो.

त्यात गळती निघाली. ग्राफ्ट जागेवर होता, पण कमरेकडच्या बारीक धमन्यांतून रक्त उलटं फुग्यात येत होतं. याला दुसऱ्या प्रकारची गळती म्हणतात. ही सगळ्यात जास्त आढळते आणि बरेचदा आपोआप थांबते. ग्राफ्टच्या टोकाशी गळत असतं तर तातडीनं दुरुस्ती करावी लागली असती. मग फुग्याचं माप घेत राहिलो. सहा महिन्यांनी ५.७. वर्षानं ५.३, गळती बंद. दुसऱ्या वर्षी ४.९. प्रत्येक वेळी आकडा कळेपर्यंत घास उतरत नाही.

हे घराण्यात असू शकतं, म्हणून धाकट्या भावाला हट्टानं सोनोग्राफीला नेलं. त्याची ३.४ निघाली. ऑपरेशनची गरज नाही, पण दर काही वर्षांनी मोजायची. त्या संध्याकाळी त्यानं खिशातलं बंडल माझ्या हातात दिलं.