सागवान, चामडं आणि तबल्याची वादी

लाकूड आणि चामडं जोडून केलेल्या पिशव्यांचे व्हिडिओ मी रात्री जागून पाहिलेत, कारण तशी एक पिशवी मला स्वतः करायची होती. बहुतेकांचा शेवट एकच. लाकडी बाजूवर सोल्युशन फासायचं, चामडं ताणून चिकटवायचं आणि वरून पितळी खिळ्यांची रांग ठोकायची. दिसतं झकास. पण आमच्या सांगलीत पावसाळ्यात फुगून न लागणाऱ्या कपाटाच्या दाराला मे महिन्यात बोट जाईल एवढी फट पडते, हे मी लहानपणापासून बघतेय. लाकूड हवेतला ओलावा पितं आणि आडव्या अंगाने फुगतं. चामडंही दमट हवेत सैलावतं, पण त्याची चाल वेगळी. दोघांना एका खिळ्याला कायमचं बांधलं की कधीतरी एकजण ओढणार आणि दुसरा फाटणार.

मला उत्तर मिळालं ते तबल्यात. भावाचा तबला पुडी, म्हणजे वरचं चामड्याचं तोंड, बदलायला मिरजेला नेला होता. मिरज तंबोऱ्यांसाठी प्रसिद्ध, पण तबल्याची कामंही तिथे होतात. तबला दुरुस्त करणारे चाचा जुनी पुडी उतरवत होते, मी शेजारी बसून बघत होते. एकही खिळा नाही, डिंकाचा थेंब नाही. तबल्याच्या लाकडी खोडावर पुडी नुसती ठेवलेली. पुडीच्या कडेच्या विणलेल्या गजऱ्यातून खालच्या कड्यापर्यंत वादी, म्हणजे चामड्याची लांब पट्टी, ओवत जायचं, ताण द्यायचा, मग वादीखाली लाकडाचे गठ्ठे सरकवायचे. हवा दमट झाली, स्वर उतरला, की गठ्ठा ठोकून ताण वाढवायचा. मी पिशवीचं सांगितलं तेव्हा चाचा हसले आणि म्हणाले, "ताई, खिळा मारलात की संपलं. वादी घाला. ढिली पडली तर ओढून घेता येते."

त्या एका वाक्यावर पिशवी ठरली.

लाकूड सागवान, आजोळच्या पाडलेल्या घराच्या दाराचं. इतकी वर्षं वाळलेलं लाकूड नव्यापेक्षा कमी खेळतं. त्यातून पिशवीच्या दोन बाजूंसाठी 24 सेंटिमीटर उंच, 9 रुंद आणि 1 जाड अशा दोन फळ्या काढल्या. लाकडाच्या रेषा उभ्या ठेवल्या, म्हणजे जे काही फुगेल ते 9 सेंटिमीटरच्या रुंदीत, उंचीत जवळजवळ काहीच नाही. करवत आणि रंधा शेजारच्या सुतारमामांचे. "सागवानाने धार जाते गं, धार लावून परत दे," एवढी एकच अट. खरंच जाते. सागात वाळूसारखा सिलिका असतो.

चामडं कोल्हापूरहून आणलं, चपलांना वापरतात तसलं, बाभळीची साल आणि हिरडा घालून कमावलेलं म्हशीचं. 2015मध्ये राज्यात गायींसोबत बैलांच्या कत्तलीवरही बंदी आली, त्यामुळे तिथेही आता भर म्हशीच्या चामड्यावरच. अडीच मिलिमीटर जाडीचा एकच लांब पट्टा पुढून, तळातून, मागून वर येतो आणि तोच झाकण होतो. अस्तर नाही. अस्तराखाली पावसाळ्यात बुरशी लपते, उघड्या चामड्यावरची निदान पुसता तरी येते.

खरी डोकेफोड होती ती चामडं फळ्यांना वादीने ओवायच्या भोकांची. उभ्या रेषांच्या फळीला काठाशी एका ओळीत भोकं पाडली तर ती टपालाच्या तिकिटासारखी त्या ओळीतच फुटेल. म्हणून एक भोक आत, एक बाहेर, नागमोडी. काठापासून 8 ते 12 मिलिमीटर, दोन भोकांत एक सेंटिमीटर. फळीची भोकं वादीच्या रुंदीपेक्षा किंचित मोठी ठेवली, लाकडाला हलायला जागा हवी. चामड्यात मात्र आरीने घट्ट. वादी मी कमावलेल्या चामड्याची घेतली. तबल्याची असते कच्च्या कातड्याची, ती वाळताना छान आवळते, पण भिजली की ढिली पडते आणि वासही मारते. ते तबल्याला चालेल, बाजारात न्यायच्या पिशवीला नाही.

तळाच्या वळणाला चामडं आधी पाण्यात भिजवलं आणि फळ्यांच्याच मापाच्या प्लायवुडच्या तुकड्यांभोवती घट्ट गुंडाळून सावलीत वाळवलं. सालीने कमावलेलं चामडं ओलं असताना देऊ तो आकार धरतं, वाळल्यावर सोडत नाही. क्रोमच्या क्षारांनी कमावलेल्याला हे जमत नाही, बाजारातलं मऊ चामडं म्हणून उपयोगाचं नाही. मुठीला शिसवाचा दांडा. कडा बाभळीच्या डिंकाचं पाणी लावून लाकडाच्या तुकड्याने घासल्या, अगदी चकचकीत होईपर्यंत. ज्या झाडाच्या सालीने कमावलं त्याच्याच डिंकाने शेवट, याचा मला उगीच आनंद झाला.

एक गोष्ट मात्र निक्षून सांगते. लोखंडाचा स्क्रू, खिळा, काहीही या चामड्याला लावू नका. साल-हिरड्यातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात भेटले की काळं होतं. जुन्या काळची शाई याच रसायनावर चालायची. सागवानातही थोडं टॅनिन असतंच. बक्कल लागलीच तर पितळी. मी झाकणाला बक्कलच लावली नाही, शिसवाची छोटी खुंटी आणि वादीचा फास, बस्स.

पिशवी रिकामी असताना पाऊण किलो भरते. हलकी नाही, आणि ज्यांना हलकी हवी त्यांनी कापडी शिवावी. दोन भाकऱ्या, डबा, पाण्याची बाटली आणि एक जाड पुस्तक बसतं. खाली ठेवली की उभी राहते, लवंडत नाही, हा फळ्यांचा खरा फायदा.

"विकणार का?" असं मैत्रिणी विचारतात. नाही विकणार. वादी ओवायलाच दोन रविवार जातात आणि तेवढे पैसे कोणी देणार नाही. फळ्यांची आणि भोकांची मापं वर दिलीच आहेत. सागवान नसेल तर फणसाचं बघा, पिवळं धमक असतं आणि रंध्याखाली सागापेक्षा सौम्य. पावसाळ्याआधी वादी एकदा ताणून घ्या.