सरळ पंखांच्या माश्या

गोव्यात माश्या पाळायला प्रयोगशाळा कशाला लागते, हा माझ्या फोंड्याच्या मावशीचा आवडता प्रश्न. परवापासून मलाही एक प्रश्न पडलाय, तो मात्र माश्यांनीच घातलाय.

आमच्या प्रयोगशाळेत फळमाशीच्या (ड्रॉसोफिला) दुसऱ्या गुणसूत्रावरच्या एका म्युटेशनचा ठावठिकाणा शोधणं चालू आहे. त्यासाठी गुणसूत्राचा ठरावीक तुकडा गळालेल्या माश्या अमेरिकेतल्या ब्लूमिंग्टनहून मागवतात. आम्ही त्यांना 'डेफ' म्हणतो. म्युटंट मादी आणि डेफ नर यांचा संकर लावायचा. आपलं जनुक गळालेल्या तुकड्यात असेल तर पिल्लाला चांगली प्रत कुठूनच मिळत नाही, ते मरतं. दोन्ही पालकांचं जोडीचं गुणसूत्र बॅलन्सर असतं, म्हणजे दुसऱ्याशी तुकड्यांची अदलाबदल न करणारं खास गुणसूत्र, आणि त्यावर वळलेल्या पंखांची खूण. दोन बॅलन्सर आलेली पिल्लं जगतच नाहीत. म्हणून जनुक तुकड्याबाहेर असेल तर एक तृतीयांश माश्या सरळ पंखांच्या निघतात. एकही निघाली नाही तर जनुक सापडलं.

त्या सकाळी एका डेफच्या बाटल्यांत दोनशेच्या आसपास माश्या, सगळ्या वळलेल्या पंखांच्या. सर खूश. मीटिंगची स्लाइड दुपारपर्यंत तयारसुद्धा झाली. (सरांची स्लाइड नेहमी निकालाच्या एक पाऊल पुढे असते.) मला खटकलं ते वेगळंच. याच तुकड्याचा बराचसा भाग व्यापणारा शेजारचा डेफ आधीच स्वच्छ निघाला होता, म्हणजे त्यात सरळ पंखांच्या माश्या आल्या होत्या.

रजिस्टर काढलं. प्रयोगशाळेतल्या मुलांना तारखा लिहायचा कंटाळा, पण या संकराच्या माद्या गोळा केल्याची होती. पावसाळ्याच्या सुरुवातीला लाईट रात्रभर गेली होती, त्याच्या दुसऱ्या दिवशीची. आमच्या १८ अंशांच्या इन्क्युबेटरला जनरेटरची लाईन नाही. कितीदा सांगितलं, कोण ऐकतंय! १८ अंशांत कोशातून निघालेली मादी साधारण १६ तास नराला दाद देत नाही, म्हणून संध्याकाळी बाटल्या रिकाम्या करून सकाळी निघालेल्या माद्या बिनधास्त व्हर्जिन, म्हणजे अजून कुठल्याच नराशी न जुळलेल्या, म्हणून घेता येतात. २५ अंशांत ही मुदत जेमतेम ८ तासांची. त्या रात्री इन्क्युबेटर खोलीइतकाच गरम झाला असणार. फिकट अंग आणि पोटावरचा काळा ठिपका, ही नुकत्याच निघालेल्या मादीची खूण बघून घ्या, असं मी मुलांना नेहमी सांगते. सकाळी साडेआठला चहाची घाई असली की ठिपका कोण बघतो?

अशी मादी आधीच आपल्या भावाशी जुळलेली असेल, तर तिची दोन म्युटंट प्रती आलेली पिल्लं मरतात, दोन बॅलन्सरवालीही मरतात. उरतात फक्त वळलेल्या पंखांची. अगदी जनुक सापडल्यासारखा निकाल!

"सर, परत लावूया," म्हटलं. "ताई, तुम्हाला आनंद बघवत नाही," सर म्हणाले, पण लावू दिलं. या वेळी माद्या मी स्वतः गोळा केल्या, ठिपका बघून. शिवाय उलटा संकरही लावला, डेफच्या माद्या आणि म्युटंट नर.

दोन्हीकडे सरळ पंखांच्या माश्या निघाल्या. पण एक तृतीयांश नाही, जेमतेम चार-पाच, त्याही बाकीच्यांच्या दोन-तीन दिवस मागून, मलूल. म्हणजे सरांचा तुकडा पुरता चुकीचा नव्हता. मुलं म्हणाली, म्युटेशन अर्धवट आहे, थोडं काम चालतं. मलाही क्षणभर पटलं. पण जनुकशास्त्रज्ञ मुलरने १९३२ मध्ये मांडलेल्या हिशेबाप्रमाणे अर्धवट प्रतीसमोर जनुकच नसेल, तर दोन अर्धवट प्रतींपेक्षा अवस्था वाईट व्हायला हवी. आमच्या स्टॉकमध्ये, म्हणजे पिढ्यानपिढ्या पाळलेल्या म्युटंट माश्यांत, दोन म्युटंट प्रतींची एकही माशी कधी जगलेली नाही. इथे डेफसमोर मात्र काही जगतात. म्हणजे त्या गुणसूत्रावर आणखी एक मारक म्युटेशन असणार, आणि स्टॉकमधलं मरण आम्ही इतके दिवस भलत्याच जनुकाच्या नावावर लावत होतो. शेजारच्या डेफचा स्वच्छ निकालसुद्धा आता नव्याने वाचायला हवा.

आता ते गुणसूत्र बॅलन्सरऐवजी साध्या गुणसूत्रासमोर ठेवून दोन्ही म्युटेशनं वेगळी करायची. या माशीच्या नरांत गुणसूत्रांच्या तुकड्यांची अदलाबदल होत नाही, म्हणून हे काम माद्यांकडूनच, म्हणजे पुन्हा व्हर्जिन गोळा करणं आलं. सरांनी स्लाइड काढलेली नाही, तिच्यावर फक्त प्रश्नचिन्ह टाकलंय.