अंबाडा पाठीमागून पाहावा

लग्नसराई सुरू झाली की आमच्या बेळगावातल्या कोणत्याही पार्लरमध्ये एक वाक्य हमखास कानांवर पडते, "फोटो तोरसरी अक्का," म्हणजे कानडीत 'फोटो दाखवा, ताई.' मोबाइलमध्ये महिनाभर जपून ठेवलेला एखादा अंबाडा दाखवला जातो, आरशासमोर मान डावी-उजवीकडे वळवून पाहिली जाते आणि चेहऱ्याला शोभतो असे वाटले की निवड झाली असे समजले जाते. मी केशभूषेचा व्यवसाय करत नाही. परंतु गेली वीस-बावीस वर्षे घरातल्या आणि नात्यातल्या मुलींचे केस लग्न, मुंज, डोहाळजेवण, पदवीदान अशा प्रसंगी बांधत आले आहे, आणि त्या अनुभवावरून माझे मत असे झाले आहे की ही निवड आपण चुकीच्या बाजूने सुरू करतो. अंबाडा ज्या बाईच्या डोक्यावर असतो तिला तो दिवसभर दिसतच नाही. तो दिसतो मांडवात मागे बसलेल्या मंडळींना आणि आशीर्वाद घेण्यासाठी वाकल्यावर समोरच्या वडीलधाऱ्यांना. म्हणून आधी मान पाहावी, ब्लाउजचा मागचा गळा पाहावा, पदर डोक्यावर येणार आहे की खांद्यावर राहणार आहे हे विचारावे, आणि चेहऱ्याचा विचार त्यानंतर करावा.

मानेचेच पाहा. मान आखूड असेल तर अगदी खाली, मानेवर टेकणारा अंबाडा घातल्यास डोके आणि खांदे यांच्यामधली उरलीसुरली जागाही नाहीशी होते; तो दोन बोटे वर चढवला तरी केवढा फरक पडतो. उंच अंबाड्याची जागा ठरवण्याची एक जुनी युक्ती आहे: हनुवटीपासून कानाच्या वरच्या टोकाकडे एक तिरकी रेषा कल्पावी आणि ती डोक्याच्या मागे जिथे पोहोचते तिथे अंबाड्याचा मध्य ठेवावा. त्या जागी बांधलेला अंबाडा बाजूने पाहिल्यावर चेहऱ्याचाच विस्तार वाटतो. उभट चेहऱ्याला मात्र ही उंची मानवत नाही. तिथे खालचा, थोडा रुंद अंबाडा आणि कानांवरून सैल घेतलेले केस बरे दिसतात. अशा खालच्या अंबाड्याला हल्ली सगळेच शिन्याँ म्हणतात; त्या फ्रेंच शब्दाचा मूळ संबंध मानेच्या मागच्या भागाशीच आहे, हे कळले तेव्हा मला आपली बाजू कोणीतरी आधीच मांडून ठेवल्याचा आनंद झाला होता.

पदराचा प्रश्न आमच्या भागात अजून सुटलेला नाही आणि तो सुटावा असेही मला वाटत नाही. अक्षता पडेपर्यंत डोक्यावर पदर आणि त्यानंतर खांद्यावर, असा अनेक घरांतला रिवाज आहे. पदर घ्यायचा असेल तर उंच अंबाड्यावर तो तंबूसारखा उभा राहतो आणि सारखा मागे घसरतो. त्यापेक्षा डोक्याच्या मध्यापासून खाली उतरत जाणारा, मागून लांबट दिसणारा अंबाडा घालावा. त्यावर पदर बसतो आणि काढल्यावर अंबाडाही शाबूत राहतो. इरकल नेसणार असाल तर आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवावी. तिच्या लाल-पांढऱ्या टोपपदराची नक्षी आधीच ठसठशीत असते आणि सोबत गुळेदगुड्डच्या खणाची चोळी असेल तर पाठीवर पुरेसे रंग झालेले असतात. तिथे कुरळ्या बटा, खडे आणि मोती यांनी भरलेला अंबाडा म्हणजे एका वेळी दोन गायकांनी तान घेण्यासारखे आहे. साधा, घट्ट, चकाकणारा खोपा आणि त्याभोवती अबोलीचा एक वेढा पुरे.

दागिन्यांपैकी बुगडी मला फार आवडते, आणि केस बांधताना तीच सर्वाधिक विसरली जाते. ती कानाच्या वरच्या पाळीत असते. कानांवरून केस ओढून घेतले की बिचारी झाकली जाते किंवा केसांत अडकून दिवसभर टोचते. बुगडी घालणार असाल तर कान मोकळे ठेवा. कानाचे वेल घालणार असाल तर ते केसांत जिथे अडकतील तिथे आधीच एक पिन पक्की करून ठेवा, कारण नुसत्या मोकळ्या बटेला लावलेला वेल दहा मिनिटांत कानावर लोंबू लागतो. आजीच्या पेटीतले सोन्याचे अग्रफूल, राखडी किंवा केवडा असे काही निघाले तर त्याचे वजन हातात घेऊन पाहावे. हे दागिने जाड, तेल लावलेल्या, लांब केसांच्या अंबाड्यासाठी घडवलेले होते. आजच्या खांद्यापर्यंतच्या केसांत ते थेट खोचले तर अंबाडाच खाली ओढतात. त्यासाठी आत गंगावन घालावे लागते, ज्याला आमच्याकडच्या कानडी बायका चौरी म्हणतात.

आता ज्या प्रसंगाने मी हे सगळे शिकले तो सांगते. तीन-चार वर्षांपूर्वी माझ्या भाचीचे लग्न मे महिन्यात होते. तिने निवडलेला अंबाडा सैल, मोठ्या कुरळ्या बटांचा आणि मानेवर एक-दोन बटा सोडलेला असा होता. फोटोत तो अप्रतिम दिसत होता. तिने त्याच सकाळी डोके धुतले होते, वर मुळापर्यंत कंडिशनर लावला होता. ज्यांनी केस बांधले त्यांनी बटा गरम सळईवर छान वळवल्या, पिना लावल्या आणि स्प्रेचा ढग सोडून त्या दुसऱ्या लग्नाला निघून गेल्या. अकराच्या सुमारास वळीव कोसळला. कार्यालयाच्या उघड्या बाजूंनी दमट हवा आत येऊ लागली आणि मी मागून पाहिले तेव्हा अंबाडा दोन बोटे खाली आला होता. मुंडावळ्यांची गाठ त्याच्या वर बांधलेली होती, ती आता मोकळ्या हवेत लटकत होती. मुहूर्ताला पंचवीस मिनिटे होती.

मी तिला बाजूच्या खोलीत नेऊन खुर्चीवर बसवले आणि सगळ्या पिना काढल्या. ती घाबरून म्हणाली, "मावशे, काय करूलीस गं?" मी म्हटले, "गप बस, मान हलवू नकोस." जे केले ते असे. कानापासून कानापर्यंत भांग पाडून पुढचे केस वेगळे घेतले आणि मागच्या केसांची, डोक्याला घट्ट बसेल अशी शेपटी बांधली. हा पाया, जे काही पुढे उभे राहते ते याच्यावर. शेपटीभोवती डोनट, म्हणजे अंबाड्याला आतून आधार देणारे गोल कडे, सरकवला, केस त्यावर चहूबाजूंनी पसरले आणि दुसरे रबर वरून घातले. उरलेल्या टोकांची दोन सैल पेडांची वेणी करून ती डोनटभोवती गुंडाळली. पुढच्या केसांना शेंड्याकडून मुळाकडे तीन-चार वेळा फणी मारून आतून थोडी फुगवट दिली, वरचा पातळ थर गुळगुळीत विंचरून झाकला आणि मागे नेऊन अंबाड्याखाली दडवला. "दुखूलंय की!" असे ती एकदा म्हणाली, तेव्हा कपाळाजवळचे केस बोटाने थोडे सैल केले. बारा मिनिटांत काम झाले. सौंदर्याच्या दृष्टीने तो फोटोतल्या अंबाड्याच्या जवळपासही नव्हता, हे मान्य करते. पण सप्तपदीत, सुनमुख पाहताना आणि साठ-सत्तर जणांच्या पाया पडतानाही तो तसूभर हलला नाही.

पहिला अंबाडा का सुटला, याचे कारण पुढे मी नीट समजून घेतले. उष्णतेने केस वळवतो तेव्हा केसांतल्या प्रथिनांमधले कमकुवत हायड्रोजन बंध तुटतात आणि केस थंड होताना नव्या आकारात पुन्हा जुळतात. हेच बंध पाण्यानेही तुटतात. त्यासाठी डोक्यावर पाऊस पडावा लागत नाही, हवेतला दमटपणा पुरतो. त्यामुळे समुद्रसपाटीपासून सुमारे 750 मीटर उंचीवरच्या आणि जूनपासून सप्टेंबरपर्यंत भिजत राहणाऱ्या आमच्या गावात, आणि त्याहूनही अधिक पावसाच्या खानापूर तालुक्यात, केवळ वळवलेल्या बटांच्या भरवशावर उभा केलेला अंबाडा हा जुगार आहे. पावसाळ्यात वेणी किंवा पीळ यांचा आधार असलेली रचना घ्यावी, कारण ती केसांच्या गुंफणीवर टिकते. बटा सोडायच्या हौसेला माघ-फाल्गुन मोकळे आहेत.

केस आदल्या दिवशी धुवावेत, त्याच सकाळी नव्हे. ताजे धुतलेले केस रेशमासारखे निसटतात, पिना धरत नाहीत. कंडिशनर लावायचाच असेल तर फक्त शेंड्यांना लावावा. माझी आत्या शिकेकाईने न्हायची आणि तिचे केस थोडे भरभरीत राहत. तिच्या अंबाड्याला चार आकडे पुरत असत, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. त्याच आत्याचा 1970च्या आसपास स्टुडिओत काढलेला एक फोटो आमच्याकडे आहे, ज्यात तिच्या डोक्यावर टोपलीएवढा फुगा आहे. त्या फुग्याचे मूळ शिकागोतल्या मार्गारेट विन्सी हेल्ट यांनी 1960 मध्ये एका मासिकासाठी घडवलेल्या 'बीहाइव्ह'मध्ये आहे, हे आत्याला कधी कळले नाही. तिला तो सिनेमातल्या नट्यांकडून मिळाला होता. फणी उलटी मारून फुगवलेले ते केस सोडवताना ती कशी रडकुंडीला येत असे, ते मात्र घरात सर्वांना आठवते. उलट्या फणीने केसांवरचे खवले उचकटतात, म्हणून हा प्रकार आतल्या एका थरापुरताच आणि वर्षातून मोजक्या वेळाच करावा.

पिनांविषयी थोडे सविस्तर सांगते, कारण बहुतेक अंबाडे पिनांच्या संख्येमुळे नाही, त्या लावण्याच्या पद्धतीमुळे सुटतात. बॉब पिनेची एक बाजू सरळ आणि एक नागमोडी असते. नागमोडी बाजू डोक्याकडे ठेवावी, म्हणजे ती केस धरते. आपण जवळजवळ सगळ्याच उलट लावतो, कारण नागमोडी बाजू नक्षीसारखी वाटते. ज्या ठिकाणी ताण आहे तिथे दोन पिना एकमेकींवर फुलीसारख्या लावाव्यात. यू आकाराचा आकडा मात्र सरळ खुपसायचा नसतो. आधी तो बाहेरच्या दिशेने धरून अंबाड्याच्या कडेची थोडी बट उचलावी, मग उलटवून पायाच्या केसांतून आत ढकलावा. तो बसला की बोटाला कळते, कुलूप लागल्यासारखे. स्प्रे हातभर अंतरावरून मारावा आणि तो पूर्ण वाळल्याशिवाय होमाजवळ किंवा निरांजनाजवळ बसू नये, कारण त्यातला अल्कोहोल आणि फवाऱ्याचा वायू दोन्ही पेट घेणारे असतात.

फुले हा या विषयातला माझा सर्वांत आवडता भाग. आमच्या बाजारात फुलवाल्या अजून मोळ आणि मार या कानडी मापांनी माळ मोजून देतात. मोळ म्हणजे कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत एक हात, आणि मार म्हणजे दोन्ही हात पसरल्यावर होणारी लांबी. मध्यम अंबाड्याला दोन वेढे घालायला दोन मोळ माळ पुरते. मोगरा वेळ पाहून घ्यावा. त्याच्या कळ्या संध्याकाळी उमलतात, त्यामुळे दुपारच्या मुहूर्ताला तो टपोऱ्या मोत्यांसारखा बंद दिसतो आणि रात्रीच्या स्वागत समारंभात फुलून घमघमतो. अबोलीला वास नाही, पण ती हलकी असते आणि दोन दिवसही तोंड पाडत नाही. शेवंतीची जाड वेणी मला अंबाड्यावर जड वाटते. ती लांब वेणीवरच शोभते. माळ केळीच्या पानात गुंडाळून ठेवावी, वर पाणी शिंपडू नये, आणि ती अंबाड्याच्या वर न टेकवता पायाशी, जिथे अंबाडा डोक्याला भेटतो तिथे लावावी, म्हणजे पिनाही झाकल्या जातात.

दीड-दोन आठवडे आधी एकदा रंगीत तालीम करावी, आणि त्या दिवशी आरशात कमी पाहावे. कोणाला तरी मागून आणि दोन्ही बाजूंनी फोटो काढायला सांगावेत, मग दहा वेळा खाली वाकून पायांना हात लावावा, जेवायला बसावे, तासभर घरात वावरावे. या तासात डोके दुखू लागले तर तो अंबाडा घालू नये, मग तो कितीही सुंदर दिसो. केस वारंवार आणि फार ओढून बांधले तर कपाळाच्या कडेचे केस मुळापासून विरळ होतात, आणि ते नेहमी परत येतातच असे नाही. बेलूरच्या चन्नकेशव मंदिरात (बांधकामाचा आरंभ 1117) मदनिकांच्या, म्हणजे तिथल्या कोरीव स्त्रीमूर्तींच्या, एकाहून एक विलक्षण केशरचना आहेत आणि त्यांपैकी एक, दर्पणसुंदरी, हातात आरसा धरून उभी आहे. पाहणारे सगळे खाली उभे राहून तिच्याकडे पाहतात. तिच्या आरशात मात्र तिच्या चेहऱ्याशिवाय काय दिसत असेल?

रात्री अंबाडा सोडताना घाई करू नये. आधी माळ, मग बाहेरचे आकडे, मग आतल्या पिना, शेवटी रबर, आणि ते ओढून न काढता कात्रीने कापावे. स्प्रेने केस कडक झाले असतील तर बोटांना थोडे खोबरेल तेल लावून शेंड्यांकडून वर मोकळे करत यावे. पिना लावताना मोजून लावण्याची मला सवय आहे, कारण उशीत राहिलेली एक पिन झोपमोड करते. भाचीच्या केसांत मी त्या दिवशी बत्तीस लावल्या होत्या आणि रात्री एकतीस निघाल्या. दुसऱ्या दिवशी सुकलेला गजरा तुळशीच्या मुळाशी ठेवायला गेले, तेव्हा बत्तिसावी त्यातच गुंतलेली सापडली.