वेकबोर्डिंगच्या बोटीत वजन कुठे ठेवावे

वेकबोर्डिंग म्हणजे बोटीमागे दोरी धरून, पायाला बांधलेल्या फळीवरून बोटीच्याच लाटांवर उड्या घेण्याचा खेळ. त्याच्या बोटीत बॅलास्ट, म्हणजे लाट मोठी करण्यासाठी पाण्याच्या पिशव्यांसारखे मुद्दाम घेतलेले जादा वजन, भरण्याचा विषय निघाला की पहिला प्रश्न हमखास "किती किलो?" असा येतो; माझ्या मते तो दुसरा प्रश्न आहे. असलेलेच वजन पुढे-मागे सरकवल्याने लाटेचा आकार जितका बदलतो, तितका तो पुष्कळदा आणखी शे-दोनशे किलो भरूनही बदलत नाही.

वेकबोर्डिंगच्या वेगात, म्हणजे ताशी साधारण ३० ते ३८ किलोमीटरला, बोटीचे वजन काही अंशी तिने बाजूला सारलेल्या पाण्यावर आणि काही अंशी तळाखालून वेगाने जाणाऱ्या पाण्याच्या उचलीवर पेललेले असते. वजन वाढले की तळ अधिक खोल बसतो, जास्त पाणी खाली आणि बाजूंना ढकलले जाते आणि बोटीच्या मागे राहणारा खळगाही खोल होतो. मागे दोन्ही बाजूंना उसळणाऱ्या ज्या लाटांवरून स्वार उडी घेतो, त्यांची उंची या ढकललेल्या पाण्यातून येते.

मागच्या भागात वजन वाढवले की लाट उंच आणि उभ्या चढाची होते, पण ते प्रमाणाबाहेर गेले तर तिचा माथा फेसाळून कोसळू लागतो. पुढच्या भागात वजन दिले की चढ लांब आणि सौम्य होतो आणि लाट भरीव लागते. सुरुवातीला सुमारे ६० टक्के मागे आणि ४० टक्के पुढे अशी विभागणी धरून मग एका वेळी एकच बदल करत जाणे मला सर्वांत सोयीचे वाटते. ज्या बोटीत व्ही-ड्राइव्ह (इंजिनाची शक्ती आधी पुढे नेऊन मग वळवून मागच्या प्रोपेलरकडे आणणारी रचना) असल्यामुळे इंजिन मागेच बसवलेले असते, तिथे मागचा भाग मुळात जड असल्याने पुढच्या वजनाकडे अधिक लक्ष द्यावे लागते.

खरी गफलत मात्र पुढे-मागे नव्हे, तर डावी-उजवीकडे होते. बोट ज्या बाजूला किंचित कलते, त्या बाजूची लाट स्वच्छ राहते आणि उचललेल्या बाजूची फेसाळते. म्हणून जी लाट विस्कटलेली दिसेल त्याच बाजूला थोडे वजन न्यावे. बोटीतली माणसे हेही वजनच असते आणि ते उठून जागा बदलणारे असल्यामुळे सर्वांत त्रासदायक असते. पिशव्या कितीही मोजून भरल्या, तरी दोघेजण एकाच बाजूला येऊन बसले की सारा हिशेब फिसकटतो.

१ लिटर गोड्या पाण्याचे वजन १ किलो, त्यामुळे १८० लिटरची पिशवी म्हणजे १८० किलो, इतका सरळ हिशेब आहे. तासाला ३,००० लिटर क्षमतेचा पंप ती कागदावर चार मिनिटांच्या आत भरतो, पण नळीची वळणे आणि चढ यांमुळे प्रत्यक्षात वेळ बराच जास्त लागतो. पिशवी पूर्ण भरून आतली हवा काढून टाकावी, कारण अर्धवट भरलेल्या पिशवीतले पाणी वळणावर एका बाजूला धावते आणि बोट कललेली असतानाच तिला आणखी कलवते. शिसे पाण्याच्या ११ पटींहून अधिक घन असल्यामुळे जागा कमी व्यापते आणि बारीक फेरफारांसाठी ते उत्तम असते. मात्र बोटीत पाणी शिरले तर पाण्याची पिशवी त्या पाण्यात जवळपास वजनहीन होते आणि शिसे बोटीला खाली ओढतच राहते. शिशाचा वापर बेताने ठेवावा असे मी म्हणतो ते याच कारणासाठी.

उत्पादकाने दिलेल्या वजनमर्यादेत वरून टाकलेल्या पिशव्याही मोजायच्या असतात, हे सोयीस्करपणे विसरले जाते. पडलेल्या स्वाराला घ्यायला बोट हळू करून वळवली की तिच्याच लाटा समोरून येतात, आणि पुढचा भाग जड असेल तर पाणी थेट आत शिरते. जड झालेली बोट पाण्यावर उचलायला जास्त वेळ घेते, इंधन अधिक पिते आणि लाट स्वच्छ ठेवण्यासाठी तिला वेगही थोडा वाढवून द्यावा लागतो. वजन कायमच जास्त ठेवायचे असेल तर कमी पिचचा, म्हणजे एका फेऱ्यात बोटीला कमी अंतर पुढे ढकलणारा, प्रोपेलर बसवणे शहाणपणाचे ठरते. शिवाय मोठी लाट किनाऱ्याची माती खाते आणि बांधून ठेवलेल्या बोटींना हिसके देते, तेव्हा किनाऱ्यापासून भरपूर अंतर राखणे आलेच.

दिवस संपला की बोट ट्रेलरवर चढवण्यापूर्वी सगळे पाणी, ज्या जलाशयातून घेतले तिथेच, सोडून द्यावे. एक तर ट्रेलर त्या जादा वजनासाठी बनवलेला नसतो, आणि दुसरे म्हणजे झेब्रा शिंपल्यांसारख्या उपद्रवी जिवांची डोळ्यांना न दिसणारी पिल्ले उरलेल्या पाण्यातून दुसऱ्या तलावात पोहोचतात. पंपाने ओढूनही पिशवीच्या तळाशी थोडे पाणी राहतेच, त्यामुळे ती बाहेर काढून, टोपण उघडे ठेवून पूर्ण वाळवावी आणि मगच गुंडाळावी.